चूल वेगळी, पण घर तेच: पायथनची व्हर्जन्स भांडायला लागली की काय करायचं

उबुंटू ही लिनक्स सिस्टिम २२.०४ वरून २४.०४ वर अपग्रेड केली त्या रात्री सगळं सुरळीत वाटत होतं. सकाळी चालू पायथन प्रोजेक्ट उघडला, त्याचं एन्व्हायर्नमेंट, म्हणजे त्याच्या पॅकेजेसची वेगळी जागा, अ‍ॅक्टिव्हेट केलं. प्रॉम्प्टच्या आधी कंसात त्याचं नावही आलं. सर्व्हर सुरू केला तर उत्तर मिळालं: ‘नो मॉड्यूल नेम्ड जँगो’. जँगो, म्हणजे वेबसाइट बांधायचं पायथनचं फ्रेमवर्क, तर तिथेच होता, फोल्डर उघडून डोळ्यांनी पाहिला. मग सगळे करतात तेच केलं, पुन्हा इन्स्टॉल करायला गेलो. आता पॅकेजेस आणून बसवणारं पिपच सापडेना. बाहेरून सिस्टिमचं पिप वापरून पाहिलं, तर ‘एक्सटर्नली मॅनेज्ड एन्व्हायर्नमेंट’ म्हणून दार बंद. त्या एररखालीच एक पळवाट लिहिलेली असते, ‘--ब्रेक-सिस्टिम-पॅकेजेस’. आपण काय करणार आहोत ते त्या फ्लॅगच्या नावातच लिहिलंय, तरी घाईत माणूस ते टाइप करतो. करू नका.

या लेखात हा गुंता कसा सोडवायचा ते क्रमाने सांगतो. मुख्य उदाहरण पायथन आणि उबुंटूचं आहे, विंडोजबद्दल पुढे थोडं येईल. कमांड देवनागरीत लिहिल्या आहेत, जशा आपण फोनवर कुणाला सांगतो तशा. टर्मिनलमध्ये अर्थातच त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या.

आधी हे समजून घ्या

आपल्याकडे दोन भाऊ वेगळे होतात तेव्हा पहिल्यांदा चूल वेगळी होते. घर तेच, छप्पर तेच, विहीरही तीच. फक्त डबे आणि भांडी वेगळी. पायथनचं व्हेन्व, म्हणजे व्हर्च्युअल एन्व्हायर्नमेंट, असंच आहे. ते ३.३ व्हर्जनपासून, म्हणजे २०१२ पासून पायथनमध्येच येतं. पण नावावरून वाटतं तशी ती बंद पेटी नाही. त्या फोल्डरमध्ये कामाच्या गोष्टी तीनच. एक, ‘पायव्हेन्व.सीएफजी’ नावाची छोटी फाइल, जिच्यात मूळ पायथन कुठे राहतो त्याचा पत्ता असतो. दोन, ‘बिन’ फोल्डरमध्ये त्या मूळ पायथनकडे बोट दाखवणारी सिमलिंक. तीन, ‘लिब/पायथन३.१०/साइट-पॅकेजेस’, म्हणजे तुमचे डबे. पायथन स्वतः आणि त्याची स्टँडर्ड लायब्ररी यांपैकी काहीही त्यात नसतं.

आता माझ्या बाबतीत काय झालं ते बघा. २२.०४ मध्ये ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ म्हणजे ३.१० होतं. २४.०४ मध्ये त्याच नावाने ३.१२ आलं. माझी सिमलिंक इमानदारीत त्याच पत्त्यावर गेली आणि तिला तिथे नवा भाडेकरू भेटला. ३.१२ ने आपले डबे ‘लिब/पायथन३.१२’ मध्ये शोधले. असा फोल्डरच नव्हता. जँगो शेजारच्या ३.१० च्या फोल्डरमध्ये पडून होता, पण तिकडे बघणारं कुणी उरलं नव्हतं. गंमत म्हणजे त्या ‘बिन’ मध्ये ‘पायथन३.१०’ नावाची फाइलही असते, पण एन्व्हायर्नमेंट नुसत्या ‘पायथन३’ ने बनवलेलं असेल तर तीही शेवटी त्याच पत्त्यावर जाते. म्हणजे नाव ३.१० चं आणि चालतो ३.१२.

म्हणून पहिला नियम: काहीही इन्स्टॉल करण्याआधी, आत्ता नेमका कोण चालतोय ते विचारा.

पायरी १: कोण चालतोय?

एन्व्हायर्नमेंट अ‍ॅक्टिव्हेट करून या कमांड चालवा:

टाइप -ए पायथन
पायथन --व्हर्जन
पायथन -एम पिप --व्हर्जन
कॅट .व्हेन्व/पायव्हेन्व.सीएफजी

पहिली कमांड पाथमध्ये (शेल जिथे कमांड शोधतं त्या फोल्डरांच्या यादीत) सापडणारे सगळे पायथन क्रमाने दाखवते. ‘व्हिच’ पेक्षा ही बरी, कारण शेलमध्ये कुणी टोपणनाव लावून ठेवलं असेल तर तेही उघडं पडतं. टोपणनाव म्हणजे एलियास. कुणाच्या तरी बॅशआरसी या शेलच्या सेटिंगच्या फाइलमध्ये दोन वर्षांपूर्वी टाकलेली ‘पायथन म्हणजे पायथन३.८’ अशी ओळ एन्व्हायर्नमेंटलाही जुमानत नाही.

तिसरी कमांड माझी सगळ्यात लाडकी. पिपचं व्हर्जन, ते कुठल्या फोल्डरमधून चालतंय आणि कुठल्या पायथनसाठी, हे तिन्ही एका ओळीत मिळतं. यातला फोल्डर तुमच्या प्रोजेक्टमधला नसेल तर निम्मं निदान तिथेच झालं. चौथीत ‘व्हर्जन’ ची ओळ बघा. फाइल म्हणते ३.१०.१२ आणि दुसरी कमांड म्हणते ३.१२, तर तुमची केस माझ्यासारखीच आहे.

अजून शंका असेल तर पायथनच्या प्रॉम्प्टवर ‘सिस’ मॉड्यूल इम्पोर्ट करा आणि ‘सिस.प्रीफिक्स’ व ‘सिस.बेस_प्रीफिक्स’ ही दोन्ही प्रिंट करा. दोन्ही सारखी आली तर तुम्ही एन्व्हायर्नमेंटच्या आत नाहीच, कंसातलं नाव काहीही म्हणो. ते नाव म्हणजे शेलने लावलेली पाटी. पाटी आहे म्हणजे आत माणूस आहेच असं नाही.

यातून एक सवय लावून घ्या. नुसतं ‘पिप इन्स्टॉल’ कधी लिहू नका, ‘पायथन -एम पिप इन्स्टॉल’ लिहा. मग जो पायथन प्रोग्रॅम चालवणार आहे त्याच्याच डब्यात पॅकेज पडतं. आणि अ‍ॅडमिनच्या अधिकाराने कमांड चालवणारं ‘सुडो’ पुढे तर मुळीच नको. सुडो स्वतःचा पाथ वापरतं, म्हणजे तुम्ही आत बसून कमांड देता आणि पॅकेज बाहेर सिस्टिममध्ये जातं.

पायरी २: एरर नीट वाचा

शेकडो ओळींचा लाल मजकूर आला की आपण वरून वाचायला लागतो. खालून वाचा. व्हर्जनच्या भांडणातल्या एरर मोजक्याच प्रकारच्या असतात आणि प्रत्येकीचा उपाय वेगळा असतो.

‘बॅड इंटरप्रीटर: नो सच फाइल’. तुम्ही प्रोजेक्टचा फोल्डर हलवला किंवा त्याचं नाव बदललं. ‘बिन’ मधल्या पिपसारख्या स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत पायथनचा पूर्ण पत्ता लिहिलेला असतो, अ‍ॅक्टिव्हेट स्क्रिप्टमध्येही असतो. घर बदललं, पण आधार कार्डावर जुनाच पत्ता राहिला. व्हेन्व हलवायचं नसतं, कॉपी करून दुसऱ्याच्या मशिनवर द्यायचं तर नाहीच.

‘नो मॉड्यूल नेम्ड डिस्टयुटिल्स’, ‘नो मॉड्यूल नेम्ड इम्प’, किंवा ‘पीकेजीयुटिल’ ला ‘इम्पइम्पोर्टर’ नाही अशी तक्रार. तिन्ही ३.१२ ची देणगी. २ ऑक्टोबर २०२३ ला आलेल्या या व्हर्जनने डिस्टयुटिल्स आणि इम्प ही जुनी मॉड्यूल्स काढून टाकली, शिवाय नव्या व्हेन्वमध्ये सेटअपटूल्स हे पॅकेज आपोआप टाकणंही थांबवलं. जँगो ३.२ स्वतः डिस्टयुटिल्स वापरतो, म्हणून ३.१२ वर तो इम्पोर्टलाच आपटतो. अशा वेळी सेटअपटूल्स इन्स्टॉल केलं तर डिस्टयुटिल्सची त्यातली प्रत मिळते आणि गाडी पुढे ढकलता येते. पण हे पंक्चरवर चिकटपट्टी लावण्यासारखं आहे. त्याच जातीच्या आणखी दोन खुणा ओळखून ठेवा. ‘कलेक्शन्स’ मध्ये ‘मॅपिंग’ नाही असं आलं तर ३.१० किंवा त्यापुढच्या पायथनवर जुना कोड चालतोय. ‘सीजीआय’ किंवा ‘टेलनेटलिब’ सापडत नसेल तर तुम्ही ३.१३ वर पोचलात.

‘कुड नॉट फाइंड अ व्हर्जन’ आणि कंसात ‘फ्रॉम व्हर्जन्स: नन’. नाव चुकलं नसेल आणि नेट चालू असेल, तर बहुतेक वेळा त्या पॅकेजने तुमच्या पायथनसाठी काहीच ठेवलेलं नाही. त्याच्या जवळपास ‘रिक्वायर्स-पायथन’ म्हणून पिप जी ओळ छापतं ती वाचा. ‘ही व्हर्जन्स मी का वगळली’ हे पिपने तिथे स्वतःच सांगितलेलं असतं.

‘बिल्डिंग व्हील’ म्हणता म्हणता जीसीसी या सी भाषेच्या कंपायलरच्या एररचा पाऊस. इथे लोक सर्वांत जास्त वेळ घालवतात: जीसीसी इन्स्टॉल करा, हेडर फाइल शोधा, पायथन-डेव्ह टाका. खरं कारण बहुधा वेगळंच असतं. सीमध्ये लिहिलेला भाग असलेली पॅकेजेस पायथनच्या प्रत्येक व्हर्जनसाठी आधीच कंपाइल करून ठेवलेली असतात. त्या तयार फाइलला व्हील म्हणतात आणि तिच्या नावातच ‘सीपी३१०’, ‘सीपी३१२’ असा शिक्का असतो. तुमच्या व्हर्जनचा शिक्का असलेली फाइल नसेल, तर पिप सोर्स उतरवून तुमच्याच लॅपटॉपवर कंपाइल करायला बसतं. नमपाय या आकडेमोडीच्या पॅकेजच्या १.२२ ला ३.१२ चं व्हील नाही, ३.१२ चा पाठिंबा १.२६ पासून सुरू होतो. तेव्हा जीसीसीशी झटापट करण्यापेक्षा ही कमांड द्या:

पायथन -एम पिप इन्स्टॉल --ओन्ली-बायनरी=:ऑल: -आर रिक्वायरमेंट्स.टीएक्सटी

यात पिपला सोर्सला हात लावायची बंदी असते. तयार व्हील नसेल तर ते काही क्षणांत कुठल्या पॅकेजवर अडलं ते सांगून थांबतं. अर्धा तास पंखा गरगरण्यापेक्षा हे बरं.

शेवटची एरर थोडी लबाड आहे: ‘नमपाय १.एक्स वर कंपाइल केलेलं मॉड्यूल २.० मध्ये चालणार नाही’, किंवा तिचं जुनं रूप, ‘नमपाय.डीटाइप साइझ चेंज्ड’. इथे पायथनच्या व्हर्जनचा दोष नसतो. नमपाय २.० जून २०२४ मध्ये आलं आणि त्याने आतली बायनरी रचना बदलली. तुमच्या यादीत नमपायला वरची मर्यादा नव्हती, म्हणून नवं उतरलं आणि त्यावर अवलंबून असलेलं जुनं पॅकेज कोलमडलं. तात्पुरता उपाय म्हणजे नमपाय २ च्या खाली बांधून ठेवणं. फक्त ती अट अवतरणचिन्हात लिहा. नाहीतर शेल ‘पेक्षा लहान’ या चिन्हाचा अर्थ ‘२ नावाच्या फाइलमधून वाच’ असा घेतं आणि ‘अशी फाइल नाही’ म्हणून आणखी एक कोडं घालतं.

पायरी ३: मोडलेल्या एन्व्हायर्नमेंटमधून यादी वाचवा

रिक्वायरमेंट्सची फाइल अद्ययावत असेल तर ही पायरी सोडून द्या. माझी नव्हती. बहुतेकांची नसते.

जुनं एन्व्हायर्नमेंट चालत नसलं तरी डबे जागेवर आहेत आणि प्रत्येक डब्यावर नाव आणि व्हर्जनचं लेबल आहे. पिपला ती लेबलं बाहेरून वाचता येतात. दुसऱ्या कुठल्याही चालू एन्व्हायर्नमेंटमधून अशी कमांड द्या:

पायथन -एम पिप फ्रीझ --पाथ .व्हेन्व/लिब/पायथन३.१०/साइट-पॅकेजेस > जुनी-यादी.टीएक्सटी

या यादीत तुम्ही स्वतः मागवलेली पॅकेजेस आणि त्यांच्या पाठोपाठ आलेली पाहुणेमंडळी सरमिसळ असतात. फक्त यजमान हवे असतील तर ‘फ्रीझ’ ऐवजी ‘लिस्ट --नॉट-रिक्वायर्ड’ वापरा. कुठली यादी कामाची ते पुढच्या पायरीवर ठरतं.

पायरी ४: पायथन कुठला, ते ठरवा

दोन रस्ते आहेत. जुन्या पायथनवर परत जायचं, किंवा पॅकेजेस नव्या पायथनपर्यंत आणायची. लोक हे न ठरवताच दोन्ही थोडं थोडं करतात आणि मग तिसरंच काहीतरी तयार होतं.

आज संध्याकाळी काम द्यायचं असेल तर जुन्या पायथनवर जा. व्हर्जन्ससकट पूर्ण यादी वापरा, काहीही अपग्रेड करू नका. वेळ असेल तर पुढे चला. मग फक्त यजमानांची यादी घ्या, व्हर्जनचे आकडे सैल करा आणि पिपला मेळ बसवू द्या. जँगोच्या बाबतीत हिशेब सोपा आहे: ३.२ पायथन ३.१० पर्यंतच चालतं, ४.२ ला ४.२.८ पासून ३.१२ चालतं. म्हणजे ३.२ धरून बसायचं आणि ३.१२ पण हवं, हे जमणारं नाही. माझा प्रोजेक्ट ३.२ वर होता. मी आधी जुन्या पायथनवर परत गेलो आणि पुढच्या दोन आठवड्यांत ४.२ वर आणला.

जुना पायथन आणायचा कुठून? एक गोष्ट आधी, तिच्यावर माझ्या ओळखीच्या दोघांचे लॅपटॉप बळी गेलेत: ‘/यूएसआर/बिन/पायथन३’ ची सिमलिंक बदलू नका, ‘अपडेट-अल्टरनेटिव्ह्ज’ ने सुद्धा नाही. उबुंटूची स्वतःची कामं त्याच पायथनवर चालतात. ती बदलली की ‘एपीटी_पीकेजी सापडत नाही’ अशी ओरड सुरू होते, कधी टर्मिनलची खिडकीच उघडेनाशी होते. आणि दुरुस्ती करायची तर टर्मिनलच हवं असतं.

सुरक्षित मार्ग तीन. उबुंटूवर डेडस्नेक्स नावाचं पीपीए, म्हणजे उबुंटूबाहेरचं पॅकेजेसचं भांडार, जोडून पायथन ३.१० सिस्टिमच्या पायथनशेजारी बसवता येतं. त्यासोबत ‘पायथन३.१०-व्हेन्व’ हे पॅकेजही मागवा, नाहीतर ‘एन्शुअरपिप’ उपलब्ध नाही म्हणून एन्व्हायर्नमेंट बनत नाही. दुसरा मार्ग पायएन्व्ह. तो तुमच्या मशिनवर सोर्सपासून पायथन बांधतो. त्याआधी ओपनएसएसएल, लिबएफएफआय, एसक्यूलाइट यांची डेव्ह पॅकेजेस हवीत. ती नसली तरी पायथन बहुधा बांधला जातो, फक्त इशारे मागे पडतात आणि आठवड्याने जँगो ‘_एसक्यूलाइट३’ नाही म्हणून रुसतं. मग ती पॅकेजेस टाकून पायथन पुन्हा बांधण्यावाचून इलाज नाही.

तिसरा यूव्ही. फेब्रुवारी २०२४ मध्ये आलेलं हे टूल तयार बांधलेला पायथन उतरवतं, कंपाइल करत बसत नाही. आज मी हेच सुचवतो:

यूव्ही पायथन इन्स्टॉल ३.१०
यूव्ही व्हेन्व --पायथन ३.१० --सीड

शेवटचा ‘--सीड’ विसरू नका. यूव्ही आपल्या एन्व्हायर्नमेंटमध्ये पिप ठेवतच नाही. मग तुम्ही सवयीने ‘पिप’ टाइप केलंत की सिस्टिमचं पिप धावून येतं आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या बंद दारासमोर. ‘यूव्ही पिप इन्स्टॉल’ ची सवय झाली की सीडची गरज उरत नाही.

कोंडा हे एन्व्हायर्नमेंट बनवणारं दुसरं टूल वापरणाऱ्यांसाठी इतकंच: कोंडाचं ‘बेस’ चालू असताना त्यावर व्हेन्व चढवू नका. आधी ‘कोंडा डीअ‍ॅक्टिव्हेट’ करा. दोन्ही पाट्या एकत्र लावल्या की कुणाचा पायथन चालतोय ते पायरी १ शिवाय कळत नाही.

पायरी ५: पाडा आणि नव्याने बांधा

मोडलेलं एन्व्हायर्नमेंट दुरुस्त करू नका. ‘व्हेन्व --अपग्रेड’ असा पर्याय आहे खरा, पण त्याने पॅकेजेस नव्या फोल्डरमध्ये येत नाहीत. ३.१० चा फोल्डर ‘३.१२’ असं नाव बदलून चालवण्याचा जुगाडही मी पाहिलाय. शुद्ध पायथनमध्ये लिहिलेली पॅकेजेस त्याने चालतातही, म्हणूनच तो धोकादायक. सीमध्ये लिहिलेल्या भागांच्या फाइलच्या नावात ‘सीपायथन-३१०’ असतं, ३.१२ त्यांच्याकडे ढुंकूनही बघत नाही, आणि हे कळतं ते नेमकी डेटाबेसला हाक मारताना.

तेव्हा जुन्या फोल्डरचं नाव बदलून बाजूला ठेवा, नवं बनवा आणि यादी इन्स्टॉल करा. मग ‘पायथन -एम पिप चेक’. कुठल्या पॅकेजला कुठलं व्हर्जन हवं होतं आणि कुठलं मिळालं, ते ही कमांड सांगते. त्यानंतर तुमच्या टेस्ट चालवा. टेस्ट नसतील तर निदान मुख्य पानं उघडून बघा. सगळं ठीक दिसलं की लगेच ‘फ्रीझ’ करून फाइल गिटमध्ये टाका, सोबत ‘.पायथन-व्हर्जन’ ची एका ओळीची फाइलही. व्हेन्वचा फोल्डर मात्र गिटइग्नोरमध्ये. गिटहब अ‍ॅक्शन्स वापरत असाल तर यामल फाइलमध्ये ३.१० अवतरणचिन्हात लिहा. नाहीतर ते दशांश अपूर्णांक समजून ३.१ होतं आणि सर्व्हर २००९ सालचा पायथन शोधत बसतो.

विंडोजवर

इथे ‘पायथन’ टाइप केल्यावर मायक्रोसॉफ्ट स्टोअर उघडलं तर तो दोष तुमचा नाही. सेटिंग्जमध्ये ‘अ‍ॅप एक्झिक्यूशन एलियासेस’ मध्ये जाऊन पायथनचे दोन्ही खटके बंद करा. ‘पाय -०पी’ ही कमांड मशिनवरचे सगळे पायथन पत्त्यांसह दाखवते, आणि ‘पाय -३.११ -एम व्हेन्व .व्हेन्व’ ने हवा तो निवडता येतो. पॉवरशेलने अ‍ॅक्टिव्हेट स्क्रिप्ट चालवायला नकार दिला तर ‘सेट-एक्झिक्यूशनपॉलिसी -स्कोप करंटयूजर रिमोटसाइन्ड’. सिमलिंकचा घोळ इथे सहसा नसतो. पण मूळ पायथन अनइन्स्टॉल केला की एन्व्हायर्नमेंट त्याच क्षणी निराधार होतं.

पायरी ६: जुना पत्ता आणखी कुणाकुणाकडे आहे?

टर्मिनलमध्ये सगळं चालायला लागलं की माणूस हात झटकतो. पण पायथनचा पत्ता इतरही ठिकाणी लिहून ठेवलेला असतो.

व्हीएस कोड खालच्या पट्टीत निवडलेला इंटरप्रीटर लक्षात ठेवतो, तो पुन्हा निवडा. ज्युपिटरचं तर खास आहे. नोटबुक कुठल्याही एन्व्हायर्नमेंटमधून उघडा, चालतं ते कर्नलच्या फाइलमध्ये लिहिलेलं पायथन. ‘ज्युपिटर कर्नलस्पेक लिस्ट’ ने ती फाइल कुठे आहे ते कळतं. नव्या एन्व्हायर्नमेंटमध्ये आयपायकर्नल टाकून ‘पायथन -एम आयपायकर्नल इन्स्टॉल --यूजर --नेम प्रोजेक्ट’ ने कर्नल पुन्हा नोंदवा. अपाचेवर मॉड_डब्ल्यूएसजीआय असेल तर ते मॉड्यूलच पायथनच्या एका ठरावीक व्हर्जनवर कंपाइल झालेलं असतं. एन्व्हायर्नमेंट कितीही बदला, आतला पायथन बदलत नाही. अशा वेळी मॉड्यूल नव्या पायथनवर पुन्हा बांधा, नाहीतर गनिकॉर्न या वेगळ्या पायथन सर्व्हरवर या. गनिकॉर्नच्या सिस्टिमडी सर्व्हिसमध्ये ‘एक्झेकस्टार्ट’ ला एन्व्हायर्नमेंटच्या ‘बिन’ मधल्या गनिकॉर्नचा पूर्ण पत्ता द्या.

आणि क्रॉन, ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा. क्रॉन अ‍ॅक्टिव्हेट वगैरे काही जाणत नाही. माझ्या प्रोजेक्टमधून दर १ तारखेला एक रिपोर्ट मेलने जायचा. सगळं दुरुस्त करून मी जुना बाजूला ठेवलेला फोल्डर डिलीट केला तो २० तारखेला, नवं एन्व्हायर्नमेंट वेगळ्या नावाने बनवलं होतं. १ तारखेला दुपारी फोन आला, ‘रिपोर्ट कुठाय?’ क्रॉनटॅबमध्ये अजून जुन्याच फोल्डरच्या ‘बिन/पायथन’ चा पत्ता होता, आणि एररचा मेल सर्व्हरवरच्या अशा मेलबॉक्समध्ये जमा होत होता जो मी कधीच उघडलेला नव्हता. आता फोल्डर डिलीट करायच्या आधी त्याच्या नावाने ‘क्रॉनटॅब -एल’ चं आउटपुट आणि ‘/ईटीसी/सिस्टिमडी’ या दोन्हींत ग्रेपने शोध घेतो.